गोव्यात घराचे छप्पर घालताना: आकार, कौले, पत्रे आणि पाण्याची वाट

वडिलोपार्जित घर वाट्याला आले, किंवा डिचोली-फोंड्याकडे जागा घेऊन घर बांधायचे ठरले, की छपराच्या प्रश्नावर गाडी अडते. मेस्त्री एक सांगतो, पत्रेवाला दुसरे, शेजारी तिसरे. प्रत्येकाचे बोलणे त्याच्यापुरते खरे असते, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. आमच्या जुन्या घराचे छप्पर आढ्यापासून (म्हणजे छपराच्या सगळ्यांत वरच्या आडव्या माथ्यापासून) उतरवून नव्याने घालताना जे जे विचारून, बघून आणि मोजून समजले, ते पहिल्यांदाच या कामात पडणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. पत्रा की कौल, हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, पाणी कुठून कुठे जाणार? दुसरा, त्यासाठी आकार कोणता? बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि मग दर पावसात गळती शोधत बसतात.

१. पावसाचा हिशेब मांडा

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. सत्तरी, सांगे अशा घाटालगतच्या भागात त्याहूनही जास्त. म्हणजे जमिनीवर १०० चौरस मीटर झाकणारे छप्पर एका वर्षात सुमारे ३ लाख लिटर पाणी खाली टाकते. ते पाणी कुठल्या बाजूला पडणार, तिथे गटार आहे का, शेजाऱ्याच्या आवारात तर जाणार नाही ना, हे कागदावर काढा. शेजाऱ्यांशी होणाऱ्या भांडणांत पागोळ्यांचे पाणी हे फार जुने कारण आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पावसाळ्यात वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, आणि पाऊस सरळ न पडता झडीने आत शिरतो. घराची कुठली बाजू त्या दिशेला उघडी आहे, पुढे माड आहेत की मोकळे शेत, हे लिहून ठेवा. आकार निवडताना याच नोंदी कामाला येतात.

२. आकार ओळखा, मग निवडा

गोव्यातल्या घरांवर प्रामुख्याने पाच प्रकार दिसतात.

एकपाखी. पाखे म्हणजे छपराची एक उतरती बाजू; इथे एकाच बाजूला उतार. पडवी, गोठा, न्हाणी, गाडीची शेड यांना पुरते. मुख्य घराच्या भिंतीला टेकवून घालतात, आणि त्या टेकण्याच्या रेषेतच ते गळते. पडवीचे वरचे टोक मुख्य छपराच्या वळचणीखाली (भिंतीबाहेर आलेल्या कडेखाली) नीट आत सरकलेले हवे. तसे जमत नसेल तर भिंतीत खाच मारून त्यात पत्र्याची पट्टी बसवून घ्या. नुसते सिमेंट थापून भागवू नका, ते पहिल्याच उन्हाळ्यात तडकते.

दुपाखी. मध्ये आढे, दोन्हीकडे उतार, आणि दोन टोकांना त्रिकोणी भिंती. सांधे सर्वांत कमी, कौले कापावी लागत नाहीत, खर्च बेताचा, दुरुस्ती घरच्या माणसालाही समजते. दोष एकच, तो म्हणजे ती त्रिकोणी भिंत. ती पश्चिमेला आली तर वरून खालपर्यंत झड खाते, आणि भिंत मातीत बांधलेल्या चिऱ्यांची (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची) असेल तर सांधे धुऊन निघतात. म्हणून दुपाखी घालायचे तर आढे शक्यतो पूर्व-पश्चिम न ठेवता उत्तर-दक्षिण ठेवा. पश्चिमेला उतार येऊ द्या, भिंत नको. जागेमुळे ते जमत नसेल तर त्या टोकाला छप्पर भिंतीच्या बाहेर चांगले तीन फूट काढा.

चौपाखी. चारही बाजूंना उतार. जुन्या मोठ्या घरांवर हेच जास्त दिसते आणि त्याला कारण आहे: चारही भिंतींवर सारखी वळचण येते, वाऱ्याला धडकायला सपाट टोक राहत नाही. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये किंवा सासष्टीच्या गावांत फिरताना मान वर करून बघा, हे सहज कळेल. किंमत मोजावी लागते ती कोपऱ्यातून आढ्याकडे चढणाऱ्या चार तिरक्या धारांवर. तिथे प्रत्येक कौल तिरके कापावे लागते आणि वर टोपीची कौले चुन्यात किंवा सिमेंटात बसवावी लागतात. चांगला कारागीर असेल तरच या वाटेला जा. पश्चिमेकडून उघड्या असलेल्या घराला मी तरी चौपाखीच सुचवेन.

राजांगणाचे घर. मध्ये उघडा चौक आणि चारही बाजूंची छपरे आत उतरलेली. फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या जुन्या हिंदू घरांत हे अजून पाहायला मिळते. इथे आतल्या चार कोपऱ्यांत चार पन्हळी (दोन उतार आत भेटतात तिथली पाण्याची वाट) येतात, आणि दोन पाख्यांचे सगळे पाणी एकेका पन्हळीतून धावते. पन्हळीचा पत्रा रुंद हवा, कौलांच्या खाली दोन्हीकडे भरपूर आत गेलेला हवा, आणि वर्षातून निदान दोनदा पालापाचोळा काढलेला हवा. पातळ लोखंडी पत्रा इथे वापरू नका, ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील घाला. चौकातला निचराही तपासा. जुन्या मोरीचे तोंड कित्येकदा मागच्या कुणीतरी लादी घालताना बुजवलेले असते.

राजांगण वरून बंद करण्याचा मोह खूप जणांना होतो. पाऊस आत येत नाही, जागा मिळते, हे खरे. पण पारदर्शक पत्रा थेट छपराला चिकटवून बसवला की घराची उसास टाकायची जागाच जाते, मार्च-एप्रिलमध्ये आतल्या खोल्या तापतात आणि लाकडात दमट हवा कोंडते. झाकायचेच असेल तर आढ्यापेक्षा उंच, चारही बाजूंनी हवा खेळेल असे झाका.

सपाट स्लॅब. याविषयी पुढे साहित्यात सांगते.

यापलीकडे नव्या बंगल्यांवर पाच-सात छोटी छपरे एकमेकांत घुसवलेली दिसतात. चित्रात सुंदर दिसते. पण दोन पाखी जिथे आतल्या कोनात भेटतात तिथे पन्हळ आली, आणि पन्हळ आली की गळतीची शक्यता आली. आर्किटेक्टने आराखडा दाखवला की पन्हळी मोजा. एकही नसेल तर उत्तम. दोनपेक्षा जास्त असतील तर प्रत्येकीची गरज विचारा.

आकार डोळ्यांत बसावेत म्हणून दोन ठिकाणे जरूर पाहा. फोंड्याची सफा मशीद १५६० सालची, तिच्यावर उतरते कौलारू छप्पर आहे. आणि तांबडी सुर्लाचे महादेवाचे देऊळ: तिथे मंडपावर दगडाच्या फरश्यासुद्धा उतरत्या बसवल्या आहेत. धर्म वेगळा, काळ वेगळा, साहित्य वेगळे, पण छपराला उतार दोघांनीही दिला, कारण पाऊस तोच.

३. उतार ठरवा आणि क्षेत्रफळ नीट काढा

मंगळूरी कौलांना सुमारे ३० अंशांचा उतार चांगला. म्हणजे आडवे १२ इंच गेल्यावर सुमारे ७ इंच चढ. याहून उतार कमी झाला की झडीचे पाणी कौलांच्या सांध्यातून उलटे वर चढते. फार कमी उतारावर चांगले कौलही गळते आणि दोष मात्र कौलाला लागतो.

उदाहरण घ्या. घर २० फूट रुंद, ३० फूट लांब, छप्पर दुपाखी. आढे मध्यावर, म्हणजे प्रत्येक बाजूला आडवे १० फूट. ३० अंशांना आढे भिंतीच्या वर सुमारे पावणेसहा फूट येईल. चारही बाजूंना ३ फूट वळचण धरली तर जमिनीवर झाकलेली जागा २६ × ३६ = ९३६ चौरस फूट. पण छप्पर तिरके असते. ३० अंशांना याला १.१५ ने गुणा: सुमारे १०८० चौरस फूट.

नवखा माणूस घराचे ६०० चौरस फूट सांगून कौलांचा भाव विचारतो आणि निम्म्यावर काम आल्यावर कौले संपतात. मग दुसरी गाडी दुसऱ्याच कारखान्याच्या कौलांची येते. त्याचे काय होते ते पुढच्या पायरीत.

वळचण तीन फुटांपेक्षा कमी करू नका. चिऱ्याच्या भिंतीचे आयुष्य वळचणीवर असते.

४. साहित्य निवडा

कौले. जुन्या घरांवर अर्धगोल नळे असत, एक उताणा, त्यावर एक पालथा. आता ते फारसे कुणी नव्याने घालत नाही. दुरुस्तीलाही जुनेच शोधावे लागतात, तेव्हा घरात निघालेले धड नळे फेकू नका. सगळीकडे दिसते ते मंगळूरी कौल. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि खाचेत खाच अडकणारे हे चपटे कौल सगळ्या किनारपट्टीवर पसरले.

एका चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात. वरच्या उदाहरणातल्या छपराला दीड हजारांच्या आसपास. फूटतूट धरून १६५० आणा. उरलेली घरामागे उभी रचून ठेवा, दरवर्षी पाच-दहा लागतातच. एकेक कौल अडीच ते तीन किलोचे, म्हणजे पूर्ण छपराचा कोरडा भार चार टनांच्या घरात जातो आणि भिजल्यावर आणखी वाढतो.

घेताना कौल बोटांवर टांगून टिचकी मारा. खणखणीत वाजले तर चांगले भाजलेले, बद्द वाजले तर भेग किंवा कच्चेपणा. मग एक कौल उताणे ठेवून पाणी भरा आणि काही तास थांबा. खालून थेंब गळू लागले तर तो ढीग घेऊ नका. चार कौले जमिनीवर जोडून बघा, खाचा सैल किंवा वाकड्या असतील तर वर गेल्यावर त्या सरळ होणार नाहीत.

आणि सगळ्यांत मोठा सापळा: दोन वेगवेगळ्या कारखान्यांची कौले एकाच पाख्यावर मिसळू नका. दिसायला सारखीच असतात, पण मापात थोडा फरक असतो आणि खाच नीट बसत नाही. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो, तो वाचा. जुनी आणि नवी दोन्ही वापरायची असतील तर एक पाखे पूर्ण जुन्याचे, दुसरे पूर्ण नव्याचे करा. जुनी कौले सहसा टाकाऊ नसतात. शेवाळ काथ्याच्या ब्रशने घासून काढा, टिचकीची परीक्षा घ्या आणि पास झालेली पुन्हा चढवा. उजेडासाठी दर खोलीला एक-दोन काचेची कौले बसवली तर दिवसा दिवा लागत नाही.

पत्रे. रंगीत पत्रा हलका, लवकर बसणारा. त्याच छपराला जेमतेम अर्धा टन भार. पण हलकेपणाच वाऱ्याला सोयीचा असतो. कौले काढून पत्रे घातले की छप्पर स्वतःच्या वजनाने बसून राहत नाही, ते भिंतीला बोल्टने जखडावे लागते. हे न सांगता काम करणारे पुष्कळ भेटतील. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात नाही, आणि रबरी वॉशर घट्ट बसेल इतकेच आवळायचे. समुद्राजवळ खाऱ्या हवेत साधे स्क्रू आधी गंजतात, पत्रा नंतर. पावसाचा आवाज आणि दुपारचा ताप हे दोन त्रास आहेतच. झोपायच्या खोल्यांवर नुसता पत्रा मी घालणार नाही. जुने सिमेंटचे पत्रे घरावर असतील तर ते तोडू-कापू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. ओले करून अख्खे उतरवा.

खाली पत्रा, वर कौल. सत्तरी, सांगे, काणकोणकडे माकडांचा उपद्रव आहे, आणि माडाखालच्या घरांवर नारळ-झावळ्या पडतातच. एक कौल फुटले की रात्रभर पाणी आत. तिथे खाली पातळ पत्रा, त्यावर उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा (कौले ज्यांवर टेकतात त्या पट्ट्या) आणि मग कौले, ही रचना फार उपयोगी पडते. कौल फुटले तरी पाणी पत्र्यावरून वाहून जाते आणि मधल्या पोकळीतून हवा फिरते. उभ्या पट्ट्या गाळून आडव्या रिपा थेट पत्र्यावर ठोकल्या तर प्रत्येक रिपेमागे पाणी अडते. हे स्वतः शिडीवर चढून बघा.

स्लॅब. सपाट गच्चीला पाण्याच्या तोंडाकडे स्पष्ट उतार आणि चांगले वॉटरप्रूफिंग नसेल तर काही वर्षांत ओल उतरते, आणि मग लोक तिच्यावर पत्र्याची शेड उभारतात. असे होणारच असेल तर सुरुवातीपासून उतरते छप्पर का नको? तिरका स्लॅब घालून त्यावर कौले लावण्याची पद्धत आता फार दिसते. ती मजबूत आहे, पण कौले सिमेंटात चिकटवू नका. खाली ओल साचते, शेवाळ येते, फुटलेले कौल बदलता येत नाही. स्लॅबवरही रिपा मारूनच बसवा.

५. सांगाडा तपासा

जुने घर असेल तर चाकू किंवा पेचकस घेऊन प्रत्येक वाशाचे भिंतीत शिरलेले टोक टोचा. वाळवी आणि कूज तिथून सुरू होते. मधला भाग टणक आहे म्हणून फसू नका. साग, मटी, फणस, किंदळ यांचे जुने वासे पुष्कळदा अजून शंभर नंबरी असतात, फक्त टोके कापून दुरुस्त करता येतात. सरसकट सगळे काढून लोखंडी करा म्हणणाऱ्याला आधी एकेक वासा दाखवायला सांगा. लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची रीत किनारपट्टीवर जुनी आहे आणि वाळवीला आळा घालायला ती चांगली आहे. हात लागू देऊ नका, कातडी भाजते.

लोखंडी चौकोनी पाइप वापरणार असाल तर वेल्डिंग पुरे झाल्यावर प्रत्येक जोड घासून रंगवा आणि पाइपची उघडी टोके बंद करा. नाहीतर पाइप आतून गंजतो आणि बाहेरून कळतही नाही. मातीत बांधलेल्या भिंतीवर लोखंडी सांगाड्याचा भार एका-एका बिंदूवर येऊ देऊ नका, आधी भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा फिरवा.

रिपांमधले अंतर साधारण साडेबारा ते तेरा इंच येते, पण ते आपल्याच कौलावरून ठरवा. दहा कौले जमिनीवर एकाखाली एक जोडून लांबी मोजा.

६. कागदपत्रे

कौले परतणे, फुटलेली बदलणे हे दरवर्षीचे काम. पण सांगाडा बदलणे, भिंत उंच करणे, आकार बदलणे, स्लॅब घालणे यासाठी पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना लागतो असेच धरून चाला, आणि सचिवांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सोबत सहसा हे मागतात:

- घरपट्टीची चालू पावती
- फॉर्म एक व चौदा (जमिनीचा उतारा); शहरी भागात फॉर्म डी
- सर्व्हे प्लॅन, त्यावर घर दाखवलेले
- सहमालकांचे ना-हरकत पत्र
- मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) असाल तर तशी नोंद असलेला कागद
- घराचे आत्ताचे फोटो, चारही बाजूंनी
- मोठा बदल असेल तर इंजिनिअरचा नकाशा व अंदाजपत्रक

यातले चौथे कलम सगळ्यांत वेळखाऊ. घर आजोबांच्या नावावर, वाटेकरी मुंबई-पुण्यापासून लिस्बनपर्यंत पसरलेले, हे आपल्याकडे नित्याचे. सह्या गोळा करायला गणपतीत सुरुवात करा, तेव्हा सगळे घरी येतात. नदी किंवा समुद्राजवळ असाल तर सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची), आणि वारसा परिसरात असाल तर नगरनियोजन खात्याची अट आहे का, हे अर्जाआधी विचारा. लाकडासाठी स्वतःच्या जमिनीतले झाड तोडायचे असले तरी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी घ्यावी लागते.

७. वेळ आणि हत्यारे

दिवाळीनंतर सुरू करा, मे महिना उजाडण्याआधी संपवा. मिरग जूनच्या सात-आठ तारखेला लागतो, पण वळवाची सर मेमध्येच येऊन जाते. मार्चनंतर शाकारणीसाठी (पावसाआधी कौले परतण्यासाठी) सगळा गाव कारागीर शोधत असतो आणि तेव्हा कुणीच मिळत नाही. छप्पर उतरवण्याआधी जाड ताडपत्री घरात आणून ठेवा.

मालकाकडे स्वतःची एवढी साधने असू द्या: मोजपट्टी, ओळंबा, पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी, सुतळी, टॉर्च, पेचकस, आणि आढ्यापर्यंत पोचणारी शिडी. कौलांवर थेट पाय देऊ नका. फळी आडवी टाका, भार वाशांवर येऊ द्या. कमरेला दोर बांधल्याशिवाय कामगारालाही चढू देऊ नका, तो नको म्हणाला तरी.

८. माटोळीची जागा आधी सांगा

हे कुठल्याच आराखड्यात नसते. चवथीला (गणेश चतुर्थीला) देवासमोर वर माटोळी, म्हणजे फळाफुलांची टांगती चौकट, बांधायची असते, आणि नारळ, सुपारीचे घोस, केळी, रानफळे यांचा भार चांगलाच होतो. जुन्या घरात ती तुळईला बांधतात. नव्या घरात खाली पातळ फळ्यांचे किंवा जिप्समचे छत लावले की बांधायला जागाच उरत नाही, आणि ऐन चवथीच्या आदल्या दिवशी छताला भोके पाडावी लागतात. देवाची जागा ठरवून तिथे वरच्या सांगाड्यातून चार भक्कम कड्या खाली सोडायला मेस्त्रीला आधीच सांगा. त्या छत लागण्यापूर्वी बसल्या पाहिजेत.

९. पहिल्या पावसात काय बघायचे

मेस्त्रीचे शेवटचे पैसे पहिली मोठी सर होईपर्यंत राखून ठेवा आणि हे काम सुरू करतानाच बोलून घ्या, म्हणजे नंतर वाद नाही. सर चालू असताना टॉर्च घेऊन माळ्यावर जा. थेंब पडतो तिथे गळती नसते. पाणी वाशावरून घरंगळत खाली येते, म्हणून ओली रेघ वर-वर शोधत जा आणि जिथे ती सुरू होते तिथे खडूने खूण करा. आधी टोपीची कौले बघा, मग पडवीचा सांधा, मग पन्हळी. नव्या कौलांच्या पाठीला पहिल्या एक-दोन पावसांत नुसता दमटपणा दिसला तर घाबरू नका, थेंब धरत असेल तरच ते कौल बदला. खुणा केलेल्या जागांचे फोटो काढून ठेवा आणि उघडीप मिळाली की त्याच जागा मेस्त्रीकडून उघडून घ्या. वरून डांबर किंवा सिमेंट फासून देतो म्हणाला तर नको म्हणा.